धर्म सोडला, घटस्फोट झाला. चर्चमध्ये पुन्हा लग्न होऊ शकते का?

समान नागरी कायद्याचा विषय निघाला की देशभर गोव्याचे उदाहरण दिले जाते. २७ जानेवारी २०२५ रोजी उत्तराखंडात असा कायदा लागू झाल्यापासून ही चर्चा पुन्हा जोरात आहे. गोव्यात सर्वधर्मीयांना विवाहाचा आणि वारशाचा एकच कायदा आहे, हे त्या उदाहरणाचे सार. ते बव्हंशी खरेही आहे. परंतु गोव्यातील कॅथलिक व्यक्तीचे लग्न प्रत्यक्षात दोन कायद्यांच्या कक्षेत येते. एक नागरी नोंदणीचा आणि दुसरा चर्चचा, ज्याला कॅनन कायदा म्हणतात. लग्न सुरळीत चालले तर या दोहोंतला फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. ते मोडले, मधल्या काळात त्या व्यक्तीने धर्मही सोडला आणि पुढे तिला चर्चमध्ये परतून नव्याने लग्न करावेसे वाटले, की मात्र हा फरक तिच्या आयुष्याचा प्रश्न बनतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सासष्टीतील एका कॅथलिक घरात जन्मलेल्या, चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेल्या मुलीने विशीत चर्चशी संबंध तोडला. तिने नोंदणी कार्यालयात एका हिंदू तरुणाशी लग्न केले. काही वर्षांनी न्यायालयातून रीतसर घटस्फोट झाला. आज ती पुन्हा चर्चला जाऊ लागली आहे आणि एका कॅथलिक गृहस्थाशी चर्चमध्ये विवाह करू इच्छिते. तिला तो करता येईल काय?

या प्रश्नाला समाजात तीन उत्तरे ऐकू येतात. धर्मच सोडला होता, तर त्या काळातल्या लग्नाशी चर्चचा संबंध काय, हे पहिले. न्यायालयाने घटस्फोट दिला म्हणजे बाई मोकळी, हे दुसरे. घटस्फोटितांना चर्चमध्ये पुन्हा लग्न नाहीच, हे तिसरे. ही तिन्ही उत्तरे चुकीची आहेत. खरे उत्तर एका वेगळ्याच गोष्टीवर अवलंबून आहे: तिचे पहिले लग्न कोणत्या साली झाले आणि त्या दिवशी चर्चच्या कायद्याच्या दृष्टीने ती नेमकी कोण होती.

न पुसणारा ठसा

कॅथलिक समजुतीनुसार बाप्तिस्मा एकदाच होतो आणि त्याचा ठसा पुसला जात नाही. म्हणून धर्म सोडून गेलेली व्यक्ती परतली तर तिला पुन्हा बाप्तिस्मा दिला जात नाही. धर्मत्याग हा चर्चच्या कायद्यात गंभीर अपराध आहे आणि त्याबद्दल बहिष्काराची शिक्षा सांगितलेली आहे. पण अपराध ठरला याचाच अर्थ असा की ती व्यक्ती अजून त्या कायद्याच्या कक्षेत आहे. परक्याला आपल्या घरचे नियम मोडल्याबद्दल कोणी शिक्षा करीत नाही. कॅनन ११ नुसार कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेल्यांना चर्चचे कायदे बांधून ठेवतात. व्यक्तीने चर्चकडे पाठ फिरवली म्हणून चर्चचा कायदा तिच्याकडे पाठ फिरवीत नाही.

या कायद्यांपैकी इथे महत्त्वाचा ठरतो तो विवाहविधीचा नियम. कॅथलिक व्यक्तीचे लग्न अधिकृत पाद्री आणि दोन साक्षीदार यांच्यासमोर झाले, तरच ते ग्राह्य. हा नियम १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने घातला. त्यापूर्वी दोघांनी परस्परांना दिलेले वचनही लग्न ठरत असे. मग एकजण नाकबूल झाला की कोण खरे हे ठरवायला पुरावा नसे. गुपचूप लग्नांचा तो गोंधळ थांबवण्यासाठी हा विहित विधी आला. १९०८ पासून तो जवळपास सर्वत्र सारखा लागू झाला. बिशपांकडून आधी सूट घेतली असेल, तरच या विधीवाचून झालेले कॅथलिक व्यक्तीचे लग्न चर्चच्या लेखी टिकते.

घटस्फोट काय करतो आणि काय करत नाही

दुसरी समजूत घटस्फोटाविषयीची. दोन बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तींचा ग्राह्य विवाह एकदा पूर्णत्वाला गेला की मृत्यूशिवाय कोणीही तो मोडू शकत नाही, असे कॅनन ११४१ सांगतो. न्यायालयाचा घटस्फोट मालमत्ता, पोटगी, मुलांचा ताबा हे सारे ठरवतो. विवाहबंधाला मात्र तो हात लावत नाही, अशी चर्चची भूमिका आहे. म्हणून चर्च विचारते तो प्रश्न ‘लग्न केव्हा मोडले’ असा नसतो. ‘ते मुळात झाले होते का’ असा असतो.

नुसता घटस्फोट झाला म्हणून कोणी चर्चबाहेर पडत नाही आणि पुन्हा लग्न न केलेल्या घटस्फोटिताला प्रसादविधीची, म्हणजे कम्युनियनची मनाई होत नाही. हे मुद्दाम सांगायला हवे, कारण अनेक घटस्फोटित माणसे याच गैरसमजापोटी वर्षानुवर्षे चर्चच्या पायऱ्या चढत नाहीत.

विवाह मुळात झाला नव्हता, असे ठरण्याचे मार्ग मोजके आहेत. संमती सदोष असेल, म्हणजे फसवणूक, सक्ती, विवाहाचा अर्थच नाकारणारा हेतू किंवा विवाहाच्या जबाबदाऱ्या पेलण्याची मानसिक असमर्थता दिसली, तर चर्चचे न्यायाधिकरण साक्षीपुरावे तपासून निर्णय देते. आधीच्या विवाहासारखा अडसर असेल, तर तोही एक आधार. तिसरा आधार विहित विधी न पाळल्याचा. कॅथलिक व्यक्तीने पूर्वपरवानगीशिवाय केवळ नोंदणी कार्यालयात लग्न केले असेल, तर त्यासाठी लांबलचक खटला लागत नाही. बाप्तिस्म्याचा दाखला, विवाह नोंदणीचा उतारा, घटस्फोटाचा हुकूम, आणि चर्चमध्ये विधी झाला नव्हता व नंतरही ते लग्न चर्चच्या नियमात बसवून घेतले नव्हते याची खातरजमा, एवढ्यावर विवाहपूर्व चौकशीतच प्रश्न सुटू शकतो.

मात्र आपले लग्न शून्य होते असे कोणी स्वतःच ठरवून पुढे जाऊ शकत नाही. शून्यत्व कायदेशीरपणे आणि निश्चितपणे सिद्ध झाल्याशिवाय नवा विवाह करता येत नाही, असे कॅनन १०८५ बजावतो.

सव्वीस वर्षांची एक फट

आता मूळ उदाहरणातील पेच पाहू. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी नवी कॅनन संहिता लागू झाली. तिच्यात एक अपवाद होता: ज्याने ‘औपचारिक कृतीने’ कॅथलिक चर्च सोडले आहे, त्याला विवाहाचा विहित विधी बंधनकारक नाही, आणि बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी विवाह करण्यातला अडसरही त्याला लागू नाही. हेतू दयाळू होता. जो गेलाच आहे, तो चर्चमध्ये येऊन लग्न करणार नाही हे उघड आहे. मग त्याचे प्रत्येक लग्न शून्य ठरवून काय साधणार, असा विचार त्यामागे होता.

परिणाम उलटा झाला. समजा, आपल्या उदाहरणातील स्त्रीचे लग्न १९९५ मध्ये झाले. ती नुसतीच चर्चला जाईनाशी झाली असेल, तर चर्चच्या दृष्टीने तिला विहित विधी बंधनकारक होता; तो पाळला नाही म्हणून ते लग्न शून्य, आणि आज ती कागदपत्रांच्या तपासणीनंतर मोकळी. पण तिने त्यापूर्वी बिशपांना पत्र लिहून, मी कॅथलिक चर्च सोडत आहे असे कळवले असेल आणि त्याची रीतसर नोंद झाली असेल, तर विहित विधीतून ती मुक्त होती. म्हणजे नोंदणी कार्यालयातले तेच लग्न ग्राह्य, आणि घटस्फोट होऊनही ती चर्चच्या लेखी आजही विवाहित. जी आळसाने दूर राहिली तिची वाट सोपी. जिने प्रामाणिकपणे आपला निर्णय लेखी कळवला तिची वाट अवघड.

औपचारिक कृती म्हणजे काय, हे संहितेने सांगितले नव्हते. जर्मनीत हा प्रश्न विशेष तीव्र झाला. तिथे कॅथलिक नागरिकांकडून सरकार चर्चकर गोळा करते. तो टाळायचा तर शासकीय कार्यालयात चर्च सोडल्याची नोंद करावी लागते. कर वाचवण्यासाठी केलेली ही नोंद म्हणजे धर्मत्याग की नुसता आर्थिक व्यवहार? १३ मार्च २००६ रोजी व्हॅटिकनच्या कायदेविषयक परिषदेने परिपत्रक काढून तीन अटी सांगितल्या. चर्च सोडण्याचा आंतरिक निर्णय हवा, तो बाहेर प्रकट झालेला हवा आणि चर्चच्या सक्षम अधिकाऱ्याने तो थेट स्वीकारलेला हवा. सरकारी कचेरीतली नोंद एकटी पुरेशी नाही, हे त्यातून निघाले. तरीही गुंता सुटला नाही.

अखेर २६ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ‘ओम्निउम इन मेन्तेम’ या आज्ञापत्राने संहितेतून हा अपवादच काढून टाकला. त्यांनी दिलेली कारणे वाचण्यासारखी आहेत. औपचारिक कृती ओळखणे कठीण होते, हे एक. कॅथलिक अल्पसंख्य असलेल्या प्रदेशांत या तरतुदीने धर्मत्यागाला एक प्रकारे प्रोत्साहनच मिळत होते, हे दुसरे. आणि पहिले लग्न मोडल्यावर चर्चमध्ये परतून विवाह करू पाहणाऱ्यांचीच वाट ती अडवत होती, हे तिसरे. ९ एप्रिल २०१० पासून हा बदल अमलात आला. तेव्हापासून धर्म कसाही सोडलेला असो, विहित विधीचे बंधन सर्वांना सारखे आहे. आपल्या उदाहरणातील लग्न २०१५ मधले असते, तर ते दोन्ही प्रसंगी शून्य ठरले असते.

मात्र चर्चचे कायदे सहसा पूर्वलक्षी नसतात. १९८३ ते २०१० या सव्वीस वर्षांत औपचारिक धर्मत्यागानंतर झालेली ग्राह्य लग्ने २०१० च्या दुरुस्तीने शून्य झाली नाहीत. त्या काळात लग्न केलेली माणसे आज चाळिशी ते सत्तरीच्या दरम्यान आहेत. म्हणजे घटस्फोट, पुनर्विवाह आणि श्रद्धेकडे परतणे हे ज्यांच्या आयुष्यात आता घडते आहे, नेमकी तीच. त्यांना न्यायाधिकरणातून संमतीतला दोष सिद्ध करावा लागतो. किंवा जोडीदाराचा बाप्तिस्मा झालेला नसेल, तर श्रद्धेच्या हितासाठी तो विवाह विसर्जित करण्याची विनंती बिशपांमार्फत थेट पोपकडे पाठवावी लागते.

गोव्याचा वेगळा वारसा

गोव्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १८७० मध्ये इथे लागू झाली. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि त्याच वर्षी घटस्फोटाचा व नागरी विवाहाचा कायदा झाला. उर्वरित भारतात हिंदू विवाह कायदा येण्याच्या चार दशकांहून अधिक काळ आधी गोव्यातील हिंदूंना घटस्फोटाची वाट खुली झाली, ती अशी. पुढे १९४० मध्ये पोर्तुगाल आणि व्हॅटिकन यांच्यात करार झाला. २२ जानेवारी १९४६ च्या ३५४६१ क्रमांकाच्या हुकुमाने त्याची विवाहविषयक तत्त्वे वसाहतींतही आली. त्यानुसार चर्चमधील विवाहाला नागरी मान्यता मिळाली, तो शून्य ठरवण्याचे काम चर्चच्या न्यायाधिकरणाकडे गेले, आणि चर्चमध्ये लग्न करणाऱ्याने नागरी घटस्फोटाचा हक्क सोडला असे मानले गेले.

पोर्तुगालने ही शेवटची अट १९७५ मध्ये व्हॅटिकनशी नवा करार करून काढून टाकली. पण तोवर गोवा मुक्त होऊन तेरा वर्षे उलटली होती. मुक्तीनंतर १९६२ च्या प्रशासन कायद्याने जुने कायदे इथे चालू ठेवले होते. लिस्बनमधील नवी दुरुस्ती इथवर पोहोचण्याचे कारण नव्हते. ज्या देशाने हा नियम घातला त्याने तो सोडला, आणि ज्या भूमीने त्या देशाची सत्ता झुगारली तिच्या कायद्यात त्याचा वारसा उरला.

म्हणूनच इथे कॅथलिक जोडप्याने नोंदणी कार्यालयात पहिली सही केल्यावर पुढे काय केले, याला फार महत्त्व आहे. नागरी अधिकाऱ्याकडून ना हरकत दाखला घेऊन चर्चमध्ये विवाह केला, तर एक वाट. काही दिवसांनी दुसरी सही करून नागरी विवाहच पूर्ण केला, तर दुसरी. तरुण जोडप्याला त्या क्षणी हा केवळ समारंभाच्या जागेचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात वीस वर्षांनी कोणते दार उघडेल, याचा निर्णय तिथे होत असतो. गोष्ट न्यायालयात नेण्याआधी आपला विवाह कोणत्या पद्धतीने नोंदला गेला आहे, हे त्या उताऱ्यावर पाहून वकिलाशी बोलणे म्हणूनच आवश्यक.

सीमेपलीकडे, बेळगाव-खानापूरच्या कॅथलिक कुटुंबांची स्थिती याहून निराळी आहे. तिथे १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा आणि १८६९ चा घटस्फोट कायदा चालतो. २००१ च्या दुरुस्तीने परस्पर संमतीच्या घटस्फोटाची सोय त्यात झाली. चर्चच्या न्यायाधिकरणाने विवाह शून्य ठरवला म्हणून नागरी कायद्याने तो संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ प्रकरणात स्पष्ट केले आणि २०१७ मध्ये या निर्णयांना मान्यता मागणारी याचिकाही फेटाळली. केवळ चर्चच्या कागदावर विसंबून दुसरे लग्न केले, तर ते द्विभार्या प्रतिबंधाच्या कचाट्यात सापडू शकते. गोव्यातून बेळगावात किंवा बेळगावातून गोव्यात सोयरीक होते, तेव्हा हा फरक लक्षात घ्यायला हवा.

हा प्रश्न फक्त कॅथलिकांचा नाही

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात हिंदू सुमारे ६६ टक्के आणि ख्रिस्ती सुमारे २५ टक्के आहेत. एवढ्या लहान राज्यात, एकाच वाड्यावर आणि एकाच कार्यालयात वावरणाऱ्या समाजांत आंतरधर्मीय विवाह होतात आणि होत राहतील. म्हणून हिंदू वाचकांनीही एक गोष्ट जाणून घेतली पाहिजे. चर्च हिंदू पद्धतीच्या विवाहाला क्षुल्लक मानत नाही. बाप्तिस्मा न झालेल्या दोघांचे लग्न ते नैसर्गिक, पण खराखुरा विवाह मानते. घटस्फोटित हिंदू पुरुष कॅथलिक स्त्रीशी चर्चमध्ये विवाह करू इच्छित असेल, तर त्याच्या आधीच्या हिंदू विवाहाचीही चौकशी होते. कौटुंबिक न्यायालयाचा हुकूम दाखवला म्हणजे झाले, असे होत नाही.

‘माझे लग्न सप्तपदीने लागले आणि न्यायालयात संपले, त्यात पाद्र्याने का पडावे?’ असा संताप अशा वेळी व्यक्त होतो. तो समजण्याजोगा आहे. पण त्यामागे अवमान नाही, उलट त्या विवाहाविषयीचा एक प्रकारचा आदरच आहे. अशा प्रसंगी शून्यत्वाची तपासणी किंवा पोपकडे विसर्जनाची विनंती हे मार्ग उरतात. तो स्वतः बाप्तिस्मा घेणार असेल आणि पूर्वीची जोडीदार बाप्तिस्मा घेण्यास वा त्याच्यासोबत शांततेने राहण्यास तयार नसेल, तर संत पौलाच्या नावाने ओळखली जाणारी जुनी सवलतही आहे. मात्र केवळ लग्नाची अडचण सुटावी म्हणून बाप्तिस्मा घेणे चर्चला आणि विवेकालाही मान्य होण्यासारखे नाही.

माहितीचे दार आधी उघडावे

गेल्या दशकात चर्चने या वाटा काहीशा सुकर केल्या आहेत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये शून्यत्वाच्या खटल्यांत दोन न्यायाधिकरणांचा सारखा निकाल लागण्याची अट काढली, उघड प्रकरणांसाठी बिशपांसमोर संक्षिप्त सुनावणी आणली आणि खटले शक्यतो विनाशुल्क चालावेत असे सांगितले. ८ मे २०२५ रोजी निवडले गेलेले पोप लिओ चौदावे हे स्वतः कॅनन कायद्याचे अभ्यासक आहेत. विवाह अभंग असल्याची मूळ शिकवण बदलेल अशी अपेक्षा करण्यास जागा नाही; आणि ती बदलावी की नाही, हे त्या श्रद्धेच्या लोकांनी ठरवायचे आहे.

पण माहितीच्या अभावी होणारे नुकसान टाळण्यासाठी कोणतीही शिकवण बदलावी लागत नाही. या विषयातले सर्वांत मोठे दुःख नियमांच्या कठोरतेपेक्षा ते उशिरा कळण्यातून आलेले आहे. आपण मोकळे नाही हे लग्नाची तारीख ठरल्यावर कळते. किंवा, त्याहून वाईट, आपण मोकळे होतो हे उमेद सोडून दिल्यावर, आयुष्याची दहा-पंधरा वर्षे गेल्यावर कळते. म्हणून नोंदणी कार्यालयात पहिली सही घेताना दोन वाटांचे परिणाम मराठी आणि कोकणीत छापून हाती देणे सरकारला शक्य आहे. विवाहपूर्व शिबिरांत या तारखा आणि हे फरक स्पष्ट सांगणे चर्चला शक्य आहे. आणि परतून आलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत ‘तुमचे पहिले लग्न कधी आणि कुठे झाले?’ एवढा साधा प्रश्न विचारणे प्रत्येक विगाराला शक्य आहे. त्या एका उत्तरातून पुढची वाट कागदपत्रांची आहे, न्यायाधिकरणाची आहे की रोमची, हे बरेचसे ठरते.

आपल्या उदाहरणातील त्या स्त्रीला या तीनपैकी कोणती वाट लागेल, हे तिच्या लग्नाच्या सालावर आणि बिशपांना गेलेल्या किंवा न गेलेल्या एका पत्रावर ठरेल. ते तिला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, कोणाच्या तरी ऐकीव सल्ल्यावरून कळावे, हे दोन कायद्यांचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाला शोभणारे नाही.